पुष्याच्या शेजारचं नक्षत्र

दुर्बीण दिवेलागणीलाच गच्चीवर नेऊन ठेवावी लागते. तिच्या तळाशी आरसा असतो. तो बाहेरच्या हवेइतका गार झाल्याशिवाय तारे त्यात धड दिसत नाहीत, उकळीतल्या साबुदाण्यासारखे थरथरत राहतात. हे मी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दर थंडीत सांगते. आणि दर थंडीत त्या म्हणतात, "ठेवलीस व्हय भाईर? शाल तरी घाल की तिला."

आमचं घर रहिमतपूरच्या बाहेर, मळ्याच्या रस्त्याला. पश्चिमेला साताऱ्याचा उजेड आकाशात चढलेला असतो. हंगामात कारखान्याचा धूर आणि फडात पेटवलेल्या पाचटाचा धूर मिळून क्षितिजाजवळचं सगळं खाऊन टाकतात. पण डोक्यावरचं आणि पूर्वेचं आकाश अजून आमचं आहे. मी दहावी झाले आणि लग्न झालं. नवरा तेव्हा फौजेत. तो पूंछला असताना मला झोप यायची नाही म्हणून गच्चीवर जायचे, आणि गच्चीवर गेलं की वर बघण्याशिवाय दुसरं काही करण्यासारखं नसायचं. आधी पंचांगातून नक्षत्रांची नावं पाठ केली. मग रद्दीत एक तारकानकाशा सापडला. मग मोबाइल आला. पोरगा फौजेत लागल्यावर त्यानं ही सहा इंची दुर्बीण आणून दिली, आणि माझ्या वेडाला घरातून मंजुरी मिळाल्यासारखं झालं.

लोकांना शनीची कडी बघायची असतात. मला आवडतात ते तारकागुच्छ. एकाच ढगातून जन्मलेली ताऱ्यांची भावंडं. साध्या डोळ्यांना नुसता धुरकट डाग, आणि दुर्बिणीला डोळा लावला की एकेक दाणा सुटा. पौष-माघातल्या थंडीत ते इतके असतात, की कुठून सुरुवात करावी कळत नाही. बचत गटाच्या बायकांना, शाळेतल्या पोरांना मी बोलावते, चहा देते, दाखवते, आणि शेवटी सांगते, बायांनो, हे तारे इतके लांब आहेत की त्यांना तुमचं नावसुद्धा ठाऊक नाही, ते कशाला कुणाचं वाकडं करतील. माझं हे वाक्य आसपासच्या गावांत थोडंफार प्रसिद्ध आहे. म्हणून तर पुढचं सगळं जरा लाजिरवाणं झालं.

पोरगा, शंभूराज, लेहहून सुट्टीवर आला तो मुलगी ठरवूनच. क्रांती तिचं नाव. जतची, एसटीत कंडक्टर. मागच्या सुट्टीत हा मित्राच्या लग्नाला तिकडं गेला होता. हिनं त्याच्या ट्रंकेचं लगेज तिकीट काढायला लावलं. हा म्हणाला, फौजी आहे. ती म्हणाली, तुमी फौजी, ट्रंक न्हाई. तिथं हरला आणि तिथंच अडकला.

घरदार दोन्हीकडच्यांना पसंत पडलं. तिची पत्रिका आली, तीत नक्षत्र पुष्य. आमचे जोशी म्हणाले, याहून चांगलं नक्षत्र शोधून सापडायचं नाही. फक्त पौष चालू होता, आणि पौषात आमच्याकडं लग्नाची सुपारी फोडत नाहीत. अमावास्या सरली, माघ लागला की जतला जायचं, सुपारी फोडायची, आणि लगोलग शंभूनं ड्युटीवर परतायचं, असं ठरलं.

त्याआधी क्रांती हुरड्याला आली. आमच्या उसाच्या कडेला शाळूचा एक पट्टा असतो, हुरड्यापुरता. दिवसभर शेतात होती, कणसं भाजली, आत्याबाईंना दात नाहीत म्हणून त्यांच्या वाटणीचा हुरडा खलबत्त्यात कुटून दिला. रात्री आत्याबाईंच्या शेजारी झोपायची होती आणि सकाळच्या गाडीनं परत. जेवणं झाल्यावर बापलेक खाली आगटीजवळ बसले, मी तिला वर घेऊन गेले.

"मोबाइल बंद कर," मी म्हटलं. "डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे."

"सवय हाय मावशी. आमच्यात पाण्याचा टँकर पहाटंचा येतोय. अंधारातच रांग लावावी लागती."

कृत्तिका डोक्यावर आल्या होत्या. तिच्यासाठी स्टूल सरकवलं, तिनं डोळा लावला. बहुतेक लोक या ठिकाणी 'अबब' म्हणतात.

"गाडी फुल्ल हाय की," ती म्हणाली.

"किती सीट?"

"सीट कवाच संपल्या. उभी पण लय हाईत. ह्या कडंला दोन हाफ तिकिटं बसल्यात बगा, आईला चिकटून."

मी इतकी हसले की खालून शंभूनं विचारलं, काय झालं. मग तिला सारथी तारकासमूहातला एक गुच्छ दाखवला. तो फिका असतो. "सरळ बघू नकोस," मी सांगितलं, "सरळ बघितलं की जातो तो. नजर जरा बाजूला ठेव, मग आपोआप दिसतो."

"बिनतिकिटाच्याला बगतोय तसं," ती म्हणाली, आणि तिला तो लगेच दिसला. मला पहिल्यांदा दिसायला आठवडा लागला होता.

मला ही मुलगी हवी होती. शंभूसाठी तर होतीच, पण खरं सांगायचं तर माझ्यासाठी. एवढ्या वर्षांत या गच्चीवर माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

"आणि आता तुझं नक्षत्र," असं म्हणून मी नळी पूर्वेकडं फिरवली. पुष्य वर आलं होतं. त्याच्या पोटात एक गुच्छ आहे, आग्या मोहोळ उठावं तसा पसरलेला. मी तो मधोमध आणून दिला आणि म्हटलं, "हे बघ. ह्याच्यावर जन्मलीस तू."

तिनं डोळा लावला. डोळा न काढताच बोलली.

"मावशी, माझं ह्ये न्हाई."

"काय नाही?"

"माझं नक्षत्र. माझं ह्याच्या शेजारचं. आश्लेषा." आता ती सरळ झाली. "माझा जल्म पहाटंचा. दोन ठिकाणं परत गेली तवा आईनं नवीन पत्रिका करून घेतली. पहाटंचा जल्म आदल्या सांजंचा केला, की आलं पुष्य."

आश्लेषा म्हटलं की आमच्याकडं पुढचं कुणी सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं. आश्लेषेची मुलगी सासूला भारी. सून उंबरा ओलांडून आली की सासू जाते, नाहीतर अंथरूण धरते. नवऱ्याला काही होत नाही, सासऱ्याला नाही, दिराला नाही. नेमकी सासू.

"शंभूला ठाऊक आहे?"

"न्हाई. त्यांना सांगितलं तर हसत्याल. त्यांच्या जिवावर कुठं हाय."

"मग मला का सांगितलंस?"

"तुमच्या जिवावर म्हणत्यात म्हणून. दुसऱ्या कुणाला सांगून काय उपेग?" ती शालीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुमी नको म्हणालासा तर मी कायतरी दुसरं कारण काढून मोडते. शंभूंना कळायचंबी न्हाई. फक्त आईचं नाव कुठं येऊ द्यायचं न्हाई."

मी काय करावं? मी भाषण केलं. पुष्याच्या जरा उजवीकडं, खाली, पाच-सहा ताऱ्यांचं लहानसं कडं दाखवलं, सांगितलं, ही बघ तुझी आश्लेषा, सापाचं डोकं म्हणतात, यातला प्रत्येक तारा वेगळ्याच अंतरावर, त्यांची एकमेकांशीसुद्धा ओळख नाही, ते माझं काय करणार. सगळं ऐकून घेतलं तिनं.

"म्हंजी तुमाला कायबी वाटत न्हाई?"

"छे," मी म्हटलं.

घरी पास विसरलो म्हणणाऱ्या पोरांकडं ती बघत असेल तसं तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, थंडी वाजतीय, खाली जाऊया.

त्याच आठवड्यात जिन्यावरून उतरताना माझा पाय सटकला. हातात दुर्बिणीची बैठक होती. ती सोडली नाही, म्हणून गुडघा सोलून निघाला. पायरीवर बसले, आणि दुखायला लागायच्या आधी डोक्यात दोन शब्द आले. सुरू झालं.

पोरगी अजून घरात आलीही नव्हती.

त्यानंतर मला बसवेना आणि उठवेना. छातीत जरा जळजळलं की मी हात लावून बघायची, डाव्या बाजूला आहे का. रात्री गच्चीवर जायची, पण पूर्वेकडं पाठ करून. ययाती तारकासमूहातला जोडगुच्छ बघायची, सारथीतले तिन्ही बघायची, मिथुनाच्या पायाशी असलेला बघायची, आणि एकावरही जीव ठरायचा नाही. माझ्या दुर्बिणीला मोटार नाही. पृथ्वी फिरते तसा गुच्छ सरकत जातो, मिनिटा-दोन मिनिटांनी नळी हातानं ढकलावी लागते. एरवी ते मला आवडतं, पाळणा हलवल्यासारखं. आता मी ढकलायला विसरायची आणि कुठल्या तरी रिकाम्या काळ्या तुकड्याकडं बघत उभी असायची. ज्या मोबाइलवर मी उल्कावर्षावाच्या तारखा बघते, त्याच्यावर मी आश्लेषेचा कोणता चरण सासूला वाईट ते शोधलं. त्या दिवसापासून मोबाइल मला नक्षत्रशांतीच्या जाहिराती दाखवायला लागला. त्यालाही कळलं होतं.

शेवटी नवऱ्याला सांगितलं. कृष्णात त्यांचं नाव, सुभेदार म्हणून निवृत्त झाले, गावात सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. ते बॅटरीचा पंप दुरुस्त करत बसले होते.

"मग मोडूया," ते म्हणाले.

"मोडा असं कुठं म्हणतेय मी."

"मग करूया."

"करा असं तरी कुठं म्हटलंय."

"अनसूया, मोर्चा कुठल्या अंगाला हाय तेवढं तरी सांग. म्हंजी आडवं पडायला बरं." मग पाना खाली ठेवला. "मी पूंछला हुतो तवा तू सोमवारी डोक्यावरनं न्हात नव्हतीस. व्हय का न्हाई?"

"ते वेगळं. तिकडं गोळीबार होता."

"तुझं न न्हाणं गोळीला दिसत हुतं व्हय?"

मी पंपाचे सुटे स्क्रू वाटीत गोळा करायला लागले.

"तसं न्हवं," ते जरा हळू म्हणाले. "माझ्यापायी तू केलंस. आता तुझ्यापायी मी करतो. कुठल्या वारी काय धुवायचं न्हाई तेवढं सांगून ठेव."

आत पलंगावर आत्याबाई जाग्या होत्या, हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. त्यांना टीव्ही ऐकू येत नाही, पण कुजबुज भिंतीपलीकडून ऐकू येते.

"आश्लेषा हाय व्हय पोरीची?" त्यांनी आतून विचारलं.

सुभेदारांनी पुन्हा पाना उचलला.

"सासूवर असती. म्हंजी तुझ्यावर."

"हो, आत्याबाई."

"आजेसासूचं काय सांगितल्यालं न्हाई ना?"

"नाही."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि पलंग कुरकुरला, म्हणजे त्या कुशीवर वळल्या. "कागदावर पुष्य हाय न्हवं? मग पुष्य. गप बसा आता. पोरगी चांगली हाय, हुरडा कुटून दिला तिनं."

म्हणजे आता सगळ्यांचं मत पडलं होतं. गप्प बसायचं. आणि तेच मला नको होतं, का ते मात्र सांगता येत नव्हतं.

अमावास्येला पाचटाचा धूरही नव्हता. मी दुर्बीण पूर्वेला वळवली. पुष्य टाळून थेट आश्लेषेवर आणली, आणि त्या कड्याच्या जरा वर हळूहळू सरकवत नेली. तिथं एक गुच्छ आहे. नेहमी मी पुष्यापाशीच थांबते, त्यामुळं तो क्वचित बघितलेला. भलता म्हातारा. बाकीचे गुच्छ काही कोटी वर्षांत विखरून जातात, याचं वय आपल्या सूर्याच्या आसपास आणि अजून धरून राहिलाय. आधी काहीच दिसेना. मग नजर बाजूला ठेवली आणि दिसला, पिठाची चिमूट सांडल्यासारखा.

बघताना मला खोकला आला. गार हवेचा, साधा. आणि खोकताखोकता मी मनात तिला बघितलं. घरात वावरणारी, माझ्या चहात साखर घालणारी, आणि मी कपाच्या वरून तिच्याकडं बघतेय. काही बोलत नाही. कुणाला ठाऊक नाही. फक्त मला ठाऊक आणि तिला ठाऊक. प्रत्येक तापाला, प्रत्येक ठेचेला मी तसं बघणार, आणि ती मान खाली घालणार. तिनं विश्वासानं माझ्या हातात जे दिलं होतं ते मी आयुष्यभर पदराखाली धरून बसले असते. जिन्यावर पडले तेव्हा एकदा काढलंच होतं की बाहेर.

सापाच्या डोक्याची भीती वाटायची थांबली नव्हती. पण आता तिच्याहून मोठी भीती माझीच वाटायला लागली.

जतला निघालो तेव्हाही काही ठरलं नव्हतं. गाडीत सुभेदार पुढं, मागं मी, आत्याबाई आणि शंभू, आणि दुसऱ्या गाडीत मधुभावजी, म्हणजे यांचे चुलतभाऊ, भावकीतली चार माणसं घेऊन. विट्याच्या पुढं ऊस कमी होत गेला, मग द्राक्षांचे मांडव आले, मग तेही संपले. माळावर मेंढरं आणि पवनचक्क्या. शंभू सारखा माझ्याकडं बघत होता. "आई, बरं वाटत न्हाई का?" मी म्हटलं, बरं वाटतंय. तो म्हणाला, "मग छातीला हात का लावतीस?"

क्रांतीच्या घरापुढं मांडव घातला होता. वडील केरबा, शांत माणूस, प्रत्येकाला हाताला धरून सतरंजीवर बसवत होते. आई राहीबाई दारातून आत-बाहेर करत होत्या, डोक्यावरचा पदर पुन्हापुन्हा पुढं ओढत. माझ्याशी बोलताना त्यांनी एकदाही माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. मी ओळखलं, यांना कळलंय की मला कळलंय.

तबकात सुपारी, हळदकुंकू, शेजारी दगड. तिथले जोशी पत्रिका वाचायला लागले. मुलाचं झालं. मग, "कन्या, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी क्रांती, जन्मनक्षत्र पुष्य..."

क्रांती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. जमिनीकडं बघत होती, आणि मला दिसलं की ही मान खाली घालायची आत्ताच शिकतेय.

"थांबा जरा," मी म्हटलं.

सगळे थांबले. बायका अशा वेळी बोलत नाहीत असं नाही, पण मध्येच बोलत नाहीत.

"वेळ चुकलीय पत्रिकेत. मुलगी पहाटेची आहे. पुष्य नाही, आश्लेषा."

जोशींनी चष्मा काढला. मधुभावजी म्हणाले, "वैनी, तुमाला कुणी सांगितलं?"

"आकाशातलं मला कुणी सांगावं लागतं का, भावजी? जुन्या पंचांगावरून ताडून बघितलं."

हे त्यांना पटलं असतं. रोज रात्री गच्चीवर असणाऱ्या बाईला एवढं कळणारच. वाचलो असं मला वाटलं, आणि तेवढ्यात राहीबाई हातातलं पानांचं तबक खाली ठेवून आत निघून गेल्या. सगळ्या मांडवानं त्यांची पाठ बघितली.

"वेळ चुकली का चुकवली?" मधुभावजी म्हणाले.

शंभू उठायला लागला. सुभेदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसवला.

"भावजी," मी म्हटलं, "आश्लेषा कुणावर असते?"

"सासूवर."

"सासू कोण?"

"तुमी."

"मग मला चालतंय. तुमच्या जिवावर असतं तर तुम्हाला विचारून केलं असतं."

"बराबर हाय," आत्याबाई मागून म्हणाल्या. "ते समदं हिच्यावरच हाय."

कुणीतरी हसलं. मधुभावजी हसले नाहीत. "नक्षत्राचं ऱ्हाऊ द्या वो. फसवलं त्याचं काय?"

मी उठले आणि आत गेले.

चौकटीत क्रांती आडवी आली. आवाज हळू, पण डोळे पेटलेले. "आईचं नाव येऊ द्यायचं न्हाई म्हणाले हुते मी."

"नाव घेतलं नाही मी."

"नाव घ्यावं लागतंय व्हय?"

मी तिच्या बाजूनं आत गेले. दुसरं काय करणार.

राहीबाई चुलीपाशी उभ्या होत्या, माझ्याकडं पाठ. शिरा ढवळत होत्या, ढवळायची गरज नसताना. शेजारी दूध तापत ठेवलं होतं.

"गप बसला असतासा तर काय बिघडलं असतं तुमचं?" त्या म्हणाल्या.

"मी बिघडले असते."

त्या वळल्या नाहीत. मी भिंतीला टेकून सांगायला लागले. "परवा जिन्यावर पडले. गुडघा फुटला. आणि पहिल्यांदा आठवली ती तुमची पोर. गुडघा नंतर आठवला."

आता वळल्या. "म्हंजी तुमी मानतायसा."

"मानत नाही. भिते."

"मग नको म्हणून मोकळं व्हा की. चार माणसांत आमचं कशाला काढलं?"

"नको पण म्हणवत नाही. मला ती पाहिजे आहे, राहीबाई. मला एकटीला माहीत असतं, तर मी खोकले की तिच्याकडं बघितलं असतं. कुणाला कळलं नसतं. आता सगळ्यांना कळलंय. आता मी खोकले तर ते सगळे बघतील, आणि मग मला तिच्या बाजूनं उभं राहावं लागेल. निदान लाजेखातर."

राहीबाईंनी उलथनं कढईच्या काठावर आपटून साफ केलं. "दोनदा ठिकाण परत गेलं हो पोरीचं. एकदा तर साडी चोळी घेतल्याली. तवा केलं मी ते. काय करायचं हुतं?"

"मीही तेच केलं असतं."

"न्हाई," त्या म्हणाल्या, "तुमी न्हाई केलं असतं. तुमच्याकडं दुर्बीण हाय." त्यात टोमणा होता आणि नव्हताही. मग दुधाखालचा जाळ सारखा करत म्हणाल्या, "आणि उद्या खरंच तुमाला काय झालं तर?"

"होणारच कधीतरी. पण मधल्यामध्ये मनात तसलं काही आलं, तर मी तुम्हाला फोन करीन. तिला काही बोलणार नाही."

"मला?"

"मग कुणाला? तुम्हाला शिव्या देईन, तुम्ही मला द्या."

"रातीचं करू नका, रेंज नसती हितं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "दर किती दिसानं येतंय मनात?"

"सध्या रोज."

त्यांच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. बाहेरून मधुभावजींचा आवाज आला. "वैनी, काय व्हय का न्हाई ते सांगा. माणसं बसल्यात."

मी तोंड उघडलं, पण राहीबाईंनी हात आडवा धरला. पदर डोक्यावरून घट्ट खोचला. "तुमी ऱ्हावा हितं. मी केलंय, मीच सांगते," असं म्हणून त्या बाहेर गेल्या.

क्रांती आत आली. आई बाहेर, ही आत, मध्ये मी. ती माझ्याशी बोलत नव्हती. चुलीच्या पलीकडं उभी राहून बाहेर कान लावून होती. मीही. राहीबाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, एका सुरात, थांबत नव्हता. मग थांबला. मेंढरांच्या घंटा माळावरून ऐकू येत होत्या. केरबा काहीतरी म्हणाले, त्यावर सुभेदार काहीतरी म्हणाले. माझा हात आपोआप छातीकडं जायला लागला, तो मी वाटेतच थांबवून पदराशी खेळवत ठेवला. क्रांतीनं ते बघितलं.

बाहेर दगडाचा ठक्कन आवाज झाला. सुपारी फुटली. आम्ही दोघी एकदम दचकलो.

"मावशी, सरका," ती म्हणाली. "दूध उतू चाललंय."